शिबिर एकदा, गरज रोज

ल्युकेमिया झालेल्या मुलाचा उपचार साधारण दोन-अडीच वर्षं चालतो. केमोथेरपीने प्लेटलेट्स घटतात, मग नाकातून आलेलं रक्तही लवकर थांबत नाही. माझा मुलगा वॉर्डात असताना औषधाच्या वेळा नर्स सांभाळायच्या. दाते शोधायचं काम माझं, जिन्यात उभं राहून, फोनवर.

प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात. त्यामुळे वर्षातून एकदा भरणारं मोठं शिबिर महिन्याभराने दाखल झालेल्या लेकराच्या कामी येत नाही. मित्रांनो, मोहल्ल्यातल्या ५२ जणांची रक्तगटासह यादी करा, प्रत्येकाला एक आठवडा वाटून द्या. मशीनवर तास-दीड तास जातो. तेवढ्याने कुणाच्या तरी अम्मी-अब्बूंना फोन बाजूला ठेवून मुलाजवळ बसता येईल.