हीटर मंदावतो तेव्हा

अमरगोळच्या हवेत मोटारीला हीटर हवाच कशाला, असा प्रश्न कोणास पडला तर नवल नाही. पौष-माघातील पहाट तेवढी गार. ती शालीवर निभावते. परंतु येथील मोटारवाल्याला हीटरची खरी आठवण होते ती आषाढ-श्रावणात. बेळगावमार्गे आंबोलीस अथवा चोर्ला घाटाने गोव्यास निघावे, पाऊस लागताच काचा बंद कराव्यात, की आतल्या माणसांच्या श्वासांनी पुढची काच धुरकटते आणि वळणावरचा ट्रक अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. अशा वेळी काचेवर येणारी कोरडी, उबदार हवा ही चैन नसते. ती चालकाची दृष्टी असते.

पेट्रोल वा डिझेलच्या मोटारीतील हीटर ही काही स्वतंत्र शेगडी नव्हे. तापलेल्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवलेले असते. त्यातलेच थोडे कढत पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागील एका लहान जाळीत येते आणि पंखा त्या जाळीवरून वारा आत सोडतो. इंजिन म्हणजे जणू घरचा तांब्याचा बंब. हीटर ही त्याची एक तोटी. तोटीला गरम पाणी येईनासे झाले, तर बंबाकडेही पाहिले पाहिजे.

तेव्हा वाचकहो, पहिला प्रश्न असा : वारा कमी येतो, की ऊब कमी येते?

वारा कमी असल्यास प्रथम हवेची गाळणी पाहावी. बहुतेक नव्या मोटारींत ती डावीकडच्या कप्प्यामागे असते आणि धूळ व पालापाचोळा यांनी चोंदते. ती बदलणे अल्पखर्चाचे काम आहे. पंखा केवळ सर्वांत मोठ्या वेगावरच फिरत असेल, तर त्याचा रेझिस्टर जळाला असण्याचा संभव अधिक.

वारा भरपूर, पण कोमट असेल, तर गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून इंजिन बंद करावे आणि त्या दोन नळ्या जपून चाचपाव्यात. दोन्ही कढत असतील, तर पाणी नीट फिरते आहे. दोष थंड-गरम हवा मिसळणाऱ्या आतल्या झडपेत असावा. एक कढत व दुसरी गार असल्यास जाळी गंजाने आणि क्षारांनी तुंबलेली असते. वर्षानुवर्षे नुसते नळाचे वा बोअरचे पाणी भरल्याचे हे फळ. दोन्ही कोमट असतील, तर तापमानाच्या काट्याकडे वळावे.

काटा वर चढतच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, अथवा तो जागेवरच नाही. ‘इंजिन तापू नये’ म्हणून तो काढून टाकण्याची आपल्याकडील काही मिस्त्रींची जुनी रीत आहे. पाणी सुमारे ८० ते ९० अंशांपर्यंत तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणे हे त्याचे काम. तो नसला की इंजिन सदा थंड राहते, इंधन अधिक जाते आणि झीजही वाढते.

याउलट काटा चढतो आहे आणि हीटर मात्र गार पडला आहे, ही सर्वांत गंभीर खूण होय. पाणी उतरले आहे किंवा नळ्यांत हवा कोंडली आहे, असे समजावे. गाडी तत्काळ बाजूस घेऊन बंद करावी. घर जवळ आले म्हणून पुढे रेटल्यास सिलिंडर हेड वाकून मोठा खर्च ओढवतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच त्याचा फवारा तोंडावर उसळतो. इंजिन पूर्ण निवल्यावरच पाणी पाहावे, आणि ते गेले कोठे याचाही शोध घ्यावा. पायांखालचा गालिचा ओला, गोडसर वास आणि काचेवर चिकट थर असल्यास हीटरची जाळीच गळत आहे.

आता हीटर ठणठणीत असूनही काच धुरकटते, त्याचे काय? तेथे आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करून बाहेरची हवा घ्यावी आणि हीटरबरोबर एसीही लावावा. एसी हवेतील ओल काढून घेतो, हीटर तिला ऊब देतो.

निदान न करता सुटे भाग बदलत राहणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मृग लागण्यापूर्वी एकदा हीटर लावून पाहावा. घाटातल्या धुक्यात ही परीक्षा घेण्याची पाळी येऊ देऊ नये.