चाक घासू लागले की हातोडा आधी उचलू नका

गाडी खाली बसवून घेण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातही तरुण गिऱ्हाईक नवी गाडी घेऊन गॅरेजात येते आणि "उस्ताद, दीड-दोन इंच खाली करून द्या" म्हणते. काम अर्ध्या दिवसाचे असते, पैसे रोख मिळतात, गिऱ्हाईक खूष होऊन जाते. आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत येते. वळण घेताना पुढून घरघर ऐकू येते, मागे तीन माणसे बसली की चाक मडगार्डला लागते, टायरच्या कडेला काळी चकाकी दिसते. मग डेंटरला हाक मारली जाते, मडगार्डची कड आत ठोकली जाते आणि गाडी पुन्हा रस्त्यावर जाते.

आमचे म्हणणे असे की, हा हातोडा चुकीच्या जागी पडतो. घासणारे चाक हा माप न घेता केलेल्या कामाचा पुरावा असतो आणि मापाची चूक ठोकून दुरुस्त होत नाही. मोटार दुरुस्ती, टायर, मॅगव्हील, स्प्रिंग आणि डेंटिंग-पेंटिंग या पेशांवर आमच्या अनेक वाचकांची घरे चालतात. म्हणून हा विषय या पानावर मोकळेपणाने मांडणे आम्हाला जरुरीचे वाटते.

घासते कुठे, ते आधी शोधा

कारखान्यात गाडीची आखणी करताना चाकाभोवती जी जागा सोडलेली असते, ती रिकामी दिसली तरी फुकट नसते. स्टेअरिंग पूर्ण वळवलेले, गाडी माणसांनी भरलेली आणि चाक खड्ड्यातून उसळून वर आलेले, अशा तिन्ही गोष्टी एकदम घडल्या तरी चाक कुठे लागू नये, एवढी ती जागा असते. गाडी ४० मिलिमीटर खाली आणली की तेवढी जागा आपण आधीच खर्च करून टाकतो.

घासण्याच्या जागा साधारण तीन. पहिली, पूर्ण वळणावर चाक आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला किंवा बंपरच्या मागच्या कडेला लागते. तिथे बहुधा टायर मोठा असतो किंवा रिम बाहेर आलेली असते. दुसरी, भरल्या गाडीत खड्ड्यावर चाक मडगार्डच्या वरच्या कडेला लागते. तिथे स्प्रिंग, बंप स्टॉपर आणि रिम या तिघांचाही हात असू शकतो. तिसरी, टायरची आतली बाजू शॉकअपला किंवा स्प्रिंगच्या बैठकीला लागते. तिथे रिम रुंद आहे किंवा जास्त आत गेली आहे, असे समजावे.

तिन्ही ठिकाणी इलाज वेगळा आहे. तेव्हा आधी मडगार्डच्या आतल्या कडेला आणि लायनरला खडू फासा, मागे माणसे बसवा, एक फेरी मारून या आणि खडू कुठे पुसला गेला ते पाहा. याहून पक्की पद्धत म्हणजे गाडी घोडीवर घेऊन स्प्रिंग काढायची, शॉकअप तेवढा परत बसवायचा आणि चाक जॅकने स्टॉपरला टेकेपर्यंत वर उचलायचे. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून चारी बाजूंनी बोट फिरवायचे. जिथे बोट जात नाही, तिथे चाक आज ना उद्या घासणार. या कामाला वेळ लागतो, त्याची मजुरी वेगळी सांगावी आणि घ्यावीही. रिकामी गाडी गल्लीत फिरवून "ओके" म्हणणाऱ्याची परीक्षा ईदेला किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी भरली की होते.

मॅगव्हील विकणाऱ्यांसाठी हिशेब

निम्म्या तक्रारींचे मूळ गॅरेजात नसून रिमच्या दुकानात असते. गिऱ्हाईक रिमची नक्षी पाहते; दुकानदाराने रुंदी आणि ऑफसेट पाहायला हवा. रिमचा जो भाग हबवर बसतो, तो रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, ते माप म्हणजे ऑफसेट. हा आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते, वाढला की आत जाते.

उदाहरण घेऊ. मूळ रिम ६ इंच रुंद आणि ऑफसेट ४५ आहे. गिऱ्हाइकाने ७ इंच रुंद, ऑफसेट ३५ ची रिम पसंत केली. एक इंच रुंदी वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाढले. ऑफसेट १० ने घटला म्हणून आणखी १० मिलिमीटर बाहेर. एकूण चाक बाहेरच्या बाजूला २२.७ मिलिमीटर आले, म्हणजे जवळजवळ एक इंच. आता गाडी खाली केल्यावर हे चाक मडगार्डला लागले, तर त्यात डेंटरचा काय दोष?

टायरचेही तसेच. २०१८ साली आलेल्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ टायर होता. त्याचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. सोळा इंची रिम घालायचीच असेल तर १९५/५५ आर१६ चा व्यासही जवळपास तेवढाच येतो. त्याऐवजी २०५/५५ आर१६ चढवला, तर व्यास ६३२ होतो आणि रुंदी मूळ टायरपेक्षा २० मिलिमीटर वाढते. म्हणजे चाक वर पाच आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर फुगले. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. तो गिऱ्हाइकासमोर मांडणाऱ्या दुकानदाराची एखादी विक्री बुडेलही, परंतु त्याच्याकडे भांडायला कोणी येणार नाही.

स्प्रिंग कापणे आणि तापवणे

गाडी खाली करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापणे. त्याहून वाईट मार्ग म्हणजे गॅसची ज्वाला लावून स्प्रिंग बसवणे. लोहारकाम जाणणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पोलादाला पाणी दिलेले असते, म्हणून ते स्प्रिंगसारखे वागते. ज्वाला लागली की ते पाणी उतरते. अशी स्प्रिंग दबत जाते किंवा एके दिवशी तुटते. हे काम कोणत्याही भावाने करू नये.

कापण्याचेही तोटे आहेत. सहा वेढे काम करीत असतील आणि एक कापला, तर स्प्रिंग २० टक्के कडक होते. पण तिची लांबी घटल्यामुळे चाक खड्ड्यात लटकले की ती सैल पडते आणि बैठकीतून निसटू शकते. ज्या स्प्रिंगचे टोक आवळून आत वळवलेले असते, ती तर कापल्यावर बैठकीत नीट बसतच नाही. शिवाय शॉकअप मूळ लांबीचाच राहिल्याने तो सतत तळाशी काम करतो, स्टॉपर चेचला जातो आणि चाक वर येऊन पत्र्याला लागते. कड आत ठोकल्याने आवाज थांबेल, पण चाकाला रोखणारे काही नाही हा दोष तसाच राहील.

इलाजाचा क्रम

आमच्या मते कामाचा क्रम असा असावा.

पहिल्याने लोअर आर्मचे बुश, शॉकअपचे माउंटिंग आणि मागच्या एक्सलचे बुश तपासा. बुश ढिले असेल तर चाक जागेवरून हलते आणि नसती तक्रार उभी राहते. चारी चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत फूटपट्टी लावा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर आधी ती सारखी करा.

दुसऱ्याने उंची पाहा. कित्येकदा गाडी दहा-पंधरा मिलिमीटर वर घेतली की घासणे थांबते आणि बघणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. कापलेली स्प्रिंग काढून टाका; त्या गाडीच्या वजनाची स्प्रिंग, तिला जुळणारा शॉकअप आणि योग्य लांबीचा स्टॉपर बसवा.

तिसऱ्याने टायर आणि रिमचे माप दुरुस्त करा. आतून घासत असेल तर स्पेसरचा मोह होतो. स्पेसर हबवर नेमका बसणारा हवा आणि नटाचे आटे पूर्वीइतकेच धरले पाहिजेत. नाहीतर लांब स्टड घालावे लागतील. दोन-चार आट्यांवर लटकलेले चाक म्हणजे टांगती तलवार.

चौथ्याने कॅम्बर. पुढच्या चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकवून मडगार्डपासून जागा मिळवता येते. पण एखाद्या अंशापलीकडे गेलात की टायर आतल्या कडेने झिजून जातो. स्विफ्टसारख्या गाड्यांना मागे आडवा बीम असतो. तिथे कॅम्बर फिरवायला बोल्ट नाही, म्हणून मागची जागा रिम, टायर आणि उंची यांतूनच काढावी लागते.

यानंतरही दोन-चार मिलिमीटर कमी पडत असतील, तर डेंटरचा नंबर. तेही हातोड्याने नको. रंग हीट गनने कोमट करून कड रोलरने थोडी थोडी दाबावी, म्हणजे रंग तडकत नाही. कड कापण्याच्या फंदात तर पडूच नये. मागच्या मडगार्डच्या त्या कडेत बहुतेक गाड्यांचे आतले आणि बाहेरचे पत्रे जोडलेले असतात. ग्राइंडर फिरला की सांधा उघडतो आणि दोन पावसाळ्यांत गंज बाहेर दिसू लागतो.

शेवटी अलाइनमेंट केलेच पाहिजे, कारण उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर चाकाला लागत नाही ना, हे पाहून हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून द्यावा.

"नाही" म्हणण्याची वेळ

आता अवघड प्रश्न. हे काम मुळात घ्यावे काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला. नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२ए आले आणि परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विम्याचा दावाही अडू शकतो. हे गिऱ्हाइकाला काम सुरू होण्याआधी सांगितले पाहिजे.

रस्त्याचा हिशेबही सांगावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीबोळांतले गतिरोधक याहून उंच आणि अरुंद असतात, हे आपण रोज पाहतो. स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर. ४० वजा केले की उरले १२३. त्यात पाच माणसे बसली की चेंबर आणि सायलेन्सर यांच्या नशिबी काय येणार, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या वाचकांतील कारागीर म्हणतील, आम्ही नाही म्हटले तर शेजारचा करून देईल. मग पोट कसे भरायचे? हा प्रश्न खोटा नाही आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. पण घासणारा टायर कडेने कापला जातो, तापतो आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगात फुटतो, तेव्हा गाडीत कुटुंब बसलेले असते. त्या वेळी "गिऱ्हाइकानेच सांगितले होते" हे उत्तर कोणाला पटणार? स्प्रिंगला ग्राइंडर गिऱ्हाइकाने लावलेला नसतो.

आमचे मत स्पष्ट आहे. रोजच्या रस्त्यावर चालणारी, घरच्या माणसांना नेणारी गाडी खाली करू नये. घासणारी गाडी दारात आली, तर तिला मूळ उंचीवर आणि मूळ मापाच्या चाकांवर परत नेणे हाच पहिला सल्ला द्यावा. ते मोफत करायचे नाही. स्प्रिंग, शॉकअप, अलाइनमेंट हे सगळे मजुरीचेच काम आहे आणि त्यात कमाई कड ठोकण्यापेक्षा जास्त आहे. बंद मैदानावरच्या शर्यतीसाठी गाडी तयार करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वरचा क्रम पाळून, मापे घेऊन आपले कसब खुशाल दाखवावे.

प्रत्येक कामाची चिठ्ठी मात्र लिहून ठेवावी. कोणती रिम, कोणता टायर, आधीची उंची किती, नंतरची किती आणि गिऱ्हाइकाला काय सांगितले, एवढे पाच ओळींत मावते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असो की पुण्याच्या नाना पेठेत, फूटपट्टी आणि वही बाळगणारा उस्ताद शागीर्दाला जो धंदा शिकवतो, तो पुढच्या पिढीलाही पुरतो. हातोडा चालवायला तर कोणीही शिकतो.