बॉनेटखाली काय दडलंय?

दोस्तांनो, आज घरी गेल्यावर आजोबांना किंवा बाबांना एक प्रश्न विचारा. 'पद्मिनी म्हणजे कोण हो?' चितोडची राणी आठवणारे थोडेच निघतील. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहील ती टॅक्सी! खाली काळी, वर पिवळी, मागे दोन छोटेसे पंख फुटल्यासारखी दिसणारी, आणि गिअरचा दांडा चक्क स्टिअरिंगपाशी असलेली.

ही गाडी आपल्या मुंबईची. त्यातूनही आपल्या उपनगरातली, बरं का! सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना होता कुर्ल्याला, लाल बहादुर शास्त्री मार्गावर. घाटकोपर-मुलुंडची मंडळी रोज ज्या रस्त्यावरून ये-जा करतात, तोच हा रस्ता. इटलीच्या फिएट कंपनीची ११०० नावाची गाडी इथे तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिचं नाव 'पद्मिनी' झालं, पण घरोघरी लोक तिला 'फिएट'च म्हणत राहिले.

२००० सालाच्या सुमारास ही गाडी बनणं थांबलं. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. मुंबईतल्या टॅक्सीला वयाची मर्यादा होती वीस वर्षं. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

मग आता तुमच्या धाकट्या भावंडांना ती दाखवायची कशी? तुम्ही म्हणाल, 'त्यात काय, फोटो आहेत की!' आहेत ना. फोटोत रंग दिसतो, आकार दिसतो. पण बॉनेटखाली काय होतं? कुठली नळी कुठून निघून कुठे जात होती? ते कळायला दोनच मार्ग. एक तर खऱ्या गाडीचं बॉनेट उघडून बघायचं, नाहीतर ती गाडी आपल्या हातांनी बनवायची. आणि खरं सांगायचं, तर दुसऱ्या मार्गाने जायचं असेल तर पहिल्यावरून जावंच लागतं!

आज आपण बोलणार आहोत ते मॉडेल गाड्यांबद्दल. खेळण्यातल्या गाड्या नव्हेत हं. खेळण्यातली गाडी गाडीसारखी दिसते. मॉडेल हे मापात असावं लागतं.

चोवीस पट लहान

मॉडेलच्या खोक्यावर १:२४ किंवा १:४३ असे आकडे छापलेले असतात. १:२४ म्हणजे मॉडेलवरचा एक सेंटिमीटर हा खऱ्या गाडीवरचा चोवीस सेंटिमीटर. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर होतं २३४० मिलिमीटर. भागा चोवीसने. उत्तर येतं ९७.५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तुमच्या तळहाताएवढं.

इथवर सोपं आहे. गंमत पुढेच आहे.

पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली सरकायचा ७५ मिलिमीटर. वरच्या वर्गातल्या मुलांनी वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र काढा, चारने गुणा, आणि बघा १०८९ घन सेंटिमीटर येतात की नाही. गाडीच्या कागदावर '१०८९ सीसी' लिहिलेलं असायचं, ते हेच! आता हे इंजिन १:२४ मध्ये बनवलं, तर ते किती सीसीचं होईल? १०८९ भागिले २४? चूक! लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोवीस पट लहान होतात. म्हणून भागायचं २४ गुणिले २४ गुणिले २४ ने, म्हणजे १३,८२४ ने. उत्तर येतं सुमारे ०.०८ सीसी. चारही सिलिंडर मिळून पाण्याचे फार तर दीड-दोन थेंब!

याच हिशेबाने रंगाचंही बघा. ब्रशने जाडसर रंग फासला आणि त्याचा थर एक दशांश मिलिमीटर बसला, तर मॉडेलच्या मानाने तो खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड झाला! दाराच्या फटी बुजतात, हेडलाइटच्या कडा बोथट होतात, आणि गाडी गुळाच्या पाकात बुडवल्यासारखी दिसते. म्हणून जाणते लोक रंग पातळ करतात आणि एक हात वाळल्यावर दुसरा देतात. घाई केली की गेलं काम.

मोदकाचा साचा आणि रेझिन

किटमधले प्लॅस्टिकचे भाग पोलादी साच्यात बनतात. पोलादी साचा फार महाग, त्यामुळे एकेका साच्यातून हजारो नग काढावे लागतात. शिवाय साचा घट्ट असल्याने खोबणी, पोकळ्या, बारीक नट-बोल्ट त्यात नीट उतरत नाहीत. म्हणून पुष्कळ किटमधलं इंजिन ठोकळ्यासारखं दिसतं. हौशी लोक ते बाजूला ठेवतात आणि त्या जागी रेझिनचं इंजिन बसवतात.

हे रेझिन म्हणजे काय? दोन द्रव असतात. वेगवेगळे असतात तोवर शांत. ठरलेल्या मापात एकत्र केले की ते तापतात आणि थोड्याच वेळात टणक होतात. नळ गळायला लागला की घरी एम-सील आणतात ना? दोन गोळे मळून एक केले की काही वेळाने दगड! एम-सील हेही रेझिनच्याच जातीचं. ते बनवणाऱ्या पिडिलाइट कंपनीचं मुख्य ऑफिस आपल्या अंधेरीत आहे.

साचा कसा असतो, ते समजून घ्यायला स्वयंपाकघरात चला. मोदकाचा साचा आठवा. तो दोन भागांत उघडतो. का बरं? मोदक मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळता. साचा अखंड असता तर मोदक आत अडकून बसला असता. इंजिनाचंही तसंच. फक्त त्यावर अडकण्याच्या जागा शेकड्याने. म्हणून त्याचा साचा सिलिकॉन रबराचा करतात. तो लवचीक असतो, ताणला की वस्तू सुटते आणि साचा पुन्हा जागेवर येतो. गणपतीच्या कारखान्यात रबरी साच्यातून मूर्ती काढताना पाहिली असेल, तर ही युक्ती लगेच ध्यानात येईल. असा साचा काही डझन नगांनंतर फाटू लागतो. पण तो घरच्या टेबलावर होतो, आणि त्यात बोल्टच्या डोक्याचे कोपरेसुद्धा उतरतात.

आता आपल्या मुंबईची एक खास अडचण. साच्यात ओतायला बहुतेक जण पॉलियुरेथेन जातीचं रेझिन वापरतात. त्याचं पाण्याशी वैर. हवेतली ओल लागली की त्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि इंजिनाचा होतो जाळीदार ढोकळा! जुलै महिन्यात बोरिवलीच्या हवेत उघडी राहिलेली बाटली पुढे भरवशाची राहत नाही. म्हणून रेझिनचं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावं, बाटली लगेच घट्ट बंद करावी, आणि पावसाळ्यात मोजमापं नि चित्रं काढत बसावं.

झाकलेलं कोण बघतं?

तुमच्यातला एखादा हुशार मुलगा विचारेल, 'बॉनेट बंद केल्यावर इंजिन कुणाला दिसणार? मग एवढा खटाटोप कशाला?'

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका साध्या नियमात आहे: प्रत्येक वायरीला दोन टोकं असतात.

म्हणजे काय? मॉडेलच्या इंजिनावर चार काळे दोरे कसेतरी चिकटवले की लांबून झकास दिसतं. पण खऱ्या इंजिनात एकही वायर शोभेची नसते. डिस्ट्रिब्यूटरपासून निघालेली वायर एकेका स्पार्क प्लगपर्यंत जाते. चार सिलिंडरच्या पुष्कळ इंजिनांत ठिणगी १-३-४-२ अशा क्रमाने पडते, ओळीने १-२-३-४ अशी नाही. रेडिएटरची वरची नळी इंजिनाच्या डोक्याकडून तापलेलं पाणी घेते, खालची नळी निवलेलं पाणी परत नेते. पंख्याचा पट्टा क्रँकच्या पुलीवरून फिरतो. दोरा चिकटवण्याआधी 'हा कुठून आला, कुठे चालला?' हे विचारलंत, की इंजिन चालतं कसं ते तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

गाडीत बदल करायचे असतील तर खुशाल करा. लाल रंग द्या, रुंद टायर लावा, मोठं इंजिन बसवा. पण मोठं इंजिन जास्त तापणार, मग त्याला रेडिएटरही मोठा हवा. धूर जास्त, मग सायलेन्सरचा पाइपही जाड हवा. एक गोष्ट बदलली की तिच्या मागची साखळी बदलते. तुमची कल्पनेतली गाडी खरी वाटते ती यामुळे.

आणि हे बघायची वेळ आत्ताच आहे. नव्या गाड्यांत वायरी वाटणारा तो डिस्ट्रिब्यूटर गेला. विजेवरच्या गाडीत तर प्लगही नाही आणि कार्बोरेटरही नाही. 'प्लगला करंट येतोय का बघ' असं ओरडणारे गॅरेजवाले काका आता पिकल्या केसांचे झालेत. जुनी फिएट नुसत्या आवाजावरून ओळखणारी ही माणसं आपल्या गल्लीत आहेत तोवर त्यांच्याकडे जा. गाडी थंड असताना, त्यांना विचारून, बॉनेटखाली बघा. कागदावर चित्र काढा, पट्टीने मापं घ्या. काका हसतील, पण सांगतील. आजवर त्यांना हे विचारलंय कुणी?

पहिला पाठ

महागड्या किटपासून सुरुवात नको. रेझिनही आत्ता नको. नुसतं इंजिन बनवा, आणि तेही १:१० मापात. दहाने भागणं सोपं! ६८ मिलिमीटरचा सिलिंडर होईल ६.८ मिलिमीटर.

पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून इंजिनाचा ठोकळा करा. एम-सीलने त्यावर उंचवटे द्या, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा. रिकाम्या रिफिलीचे तुकडे म्हणजे नळ्या. औषधाच्या बाटलीचं गोल झाकण म्हणजे एअर फिल्टर. वायरी कशाच्या? खरी प्लगची वायर साधारण ७ मिलिमीटर जाड, म्हणजे १:१० मध्ये ०.७ मिलिमीटर. जाड काळा दोरा दुहेरी पिळलात की झालं! लोखंड लोखंडासारखं दिसायला काळ्या रंगावर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळा. काय चमक येते बघा.

आईबाबांसाठी दोन शब्द

कटर आणि एम-सीलचं काम मुलं करत असतील तेव्हा जवळ असा. एम-सील मळताना हातमोजे हवेतच. पुढे रेझिनपर्यंत मजल गेली तर ते मोठ्या माणसानेच ओतावं, खिडकी उघडी ठेवून. त्यासाठी वापरलेली वाटी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये. वाळलेलं रेझिन पाण्यात बुडवून घासावं, म्हणजे धूळ नाकात जात नाही. यात खर्च फार नाही, पसारा मात्र होतो. तेवढा चालवून घ्या. भागाकार, घनफळ आणि चिकाटी असे तीन विषय एकाच टेबलावर होताहेत!

जाता जाता एक कोडं. तुमच्या इंजिनाच्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर किती वायरी हव्यात? चार सिलिंडर, म्हणून चार? नाही हं, पाच! मग ही पाचवी वायर कुठून येते? तिलाही दोन टोकं असणारच. गॅरेजवाल्या काकांना विचारा, आणि दुसरं टोक सापडलं की मगच ती चिकटवा.