बरणीतली ती

परवा एका वैद्यकीय महाविद्यालयाचं संग्रहालय पाहिलं. फॉर्मॅलिनच्या बरणीत, पारदर्शक पट्टीला दोऱ्याने बांधलेलं गर्भाशय. कापलेली गाठ दिसावी म्हणून तो भाग मुद्दाम समोर. बांधणारा हात कसबी, हे मान्य करायलाच हवं. चिठ्ठीवर क्रमांक आणि रोगाचं नाव. बाईचं नाव नाही, ते योग्यच. पण तिला विचारलं होतं का? याचं उत्तर तिथे कुणापाशीच नव्हतं.

तेव्हा सारा बार्टमन आठवली. दक्षिण आफ्रिकेची ही खोईखोई स्त्री १८१५ मध्ये पॅरिसला वारली. शास्त्रज्ञ क्यूव्हिए याने तिचं विच्छेदन केलं. मेंदू आणि जननेंद्रियं बरण्यांत गेली. ती मायदेशी परतली २००२ साली. ९ ऑगस्टला, तिथल्या महिला दिनी, दफन झालं.

आपल्याकडे १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देता येतात. बेवारस म्हणजे कोण? त्यात नवऱ्याने टाकलेल्याही आल्याच.

बरण्या फोडा, असं मी म्हणत नाही. विद्यार्थ्यांनी शिकायचं कशावर? पण ऑपरेशनच्या संमतिपत्रात साध्या मराठीत एक प्रश्न हवा: काढलेला अवयव शिकवण्यासाठी ठेवू का? आणि खाली सही तिची, नवऱ्याची नव्हे.