सूड आणि साक्ष

जालना हे हिशेबी माणसांचे गाव आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण पडली ती येथील व्यापारामुळे, आणि आजही बियाणे व लोखंडी सळया यांच्या उलाढालीवर हे शहर नांदत आहे. येथे दुकानदार दिवसाचा जमाखर्च जुळल्यावाचून गल्ल्याला कुलूप लावीत नाही. अशा गावातील सुशिक्षित कुटुंबे रात्रीची जेवणे आटोपल्यावर कोणत्या करमणुकीत रमतात याची आम्ही सहज चौकशी केली, तेव्हा बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळाले. अमली पदार्थांचा व्यापार करणारी एखादी टोळी, तिने उद्ध्वस्त केलेले एखादे घर, आणि त्या घरातील उरल्यासुरल्या माणसाने टोळीतील एकेकाला वेचून घेतलेला सूड, अशा कथानकाच्या वेबमालिका! वडील दिवाणखान्यात पाहतात, मुलगा आपल्या खोलीत मोबाईलवर पाहतो, आणि सकाळी चहाच्या वेळी शेवटच्या गोळीबारावर उभयतांचे एकमत होते. या करमणुकीचा जमाखर्च कोणी मांडीत नाही. तो आम्ही येथे मांडणार आहोत.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. गुन्ह्याची किंवा सूडाची कथा सांगूच नये, असे म्हणणाऱ्या सोवळ्या टीकाकारांपैकी आम्ही नव्हे. सूड वर्ज्य मानला तर महाभारत मिटून ठेवावे लागेल. परंतु व्यासांनी सूडाची किंमतही पुरती सांगितली आहे. बापाच्या वधाचा सूड म्हणून अश्वत्थामा झोपलेल्या छावणीवर तुटून पडतो आणि जन्माची जखम घेऊन रानोमाळ भटकतो. सर्व वैऱ्यांचा निःपात झाल्यावर युधिष्ठिराला राज्य गोड लागत नाही. आजच्या मालिकाकारांनी व्यासांकडून रक्तपात तेवढा उचलला. त्याचे देणे मात्र पुढच्या हंगामावर ढकलले.

उदाहरणादाखल आपल्याकडे अतिशय गाजलेली 'मिर्झापूर' ही मालिका घेऊ. तिचा पहिला भाग २०१८ साली, दुसरा २०२० साली व तिसरा २०२४ साली आला. गालिच्यांच्या व्यापाराआड हत्यारे व अफू यांचा धंदा करणारा एक धनी, त्याच्या मुलाच्या हातून नायकाच्या भावाचा व गरोदर पत्नीचा झालेला वध, आणि मग नायकाचा सूड, असा तिचा धागा. पण बारकाईने पाहणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येईल. सूडासाठी लागणारे बळ हा नायक अफूच्याच व्यापारातून उभे करतो, आणि सूड पुरा होताच तो त्याच गादीवर जाऊन बसतो. म्हणजे धनी बदलला, धंदा तसाच राहिला! हे सत्य मालिकेने नकळत सांगितले आहे. पाहणाऱ्यांनी मात्र ते टाळ्यांच्या गजरात ऐकलेच नाही. माणूस मारला म्हणजे धंदा मेला, ही समजूतच मुळी खोटी आहे. एक मेला की दुसरा उभा राहतो. धंदाही चालतो आणि मालिकाही चालते.

आता हा धंदा आमच्या शेजारी प्रत्यक्षात कसा दिसतो ते पाहा. अंबड तालुक्याची सीमा ओलांडली की पैठण तालुका लागतो. २०२३ च्या ऑक्टोबरात तेथील औद्योगिक वसाहतीतील कारखाना व छत्रपती संभाजीनगरातील घर अशा ठिकाणी महसूल गुप्तचर संचालनालयाने अहमदाबादच्या पोलिसांसह छापे घातले. कोकेन, मेफेड्रोन व केटामाइन असा सुमारे अडीचशे कोटी रुपयांचा माल सापडल्याचे तेव्हा जाहीर झाले. पुढे चारच महिन्यांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या वसाहतीत पुणे पोलिसांना शेकडो किलो मेफेड्रोन सापडले. या दोन्ही ठिकाणी गादी नव्हती, दरबार नव्हता, दाढीवर हात फिरवीत बसलेला खलनायक नव्हता. पिंपे होती, नळ्या होत्या, रसायनांची ज्ञान असलेली माणसे होती, आणि बाहेर इतर शेकडो कारखान्यांसारखीच एक पाटी होती. या धंद्याला चेहरा नसतो, आणि ज्याला चेहरा नाही त्याचा सूड घ्यावयाचा कसा?

आणि चेहरा असलाच तर तो बहुधा प्रतिष्ठिताचा असतो. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. कंपनी सरकार तिच्यावर कर घेई, आणि मुंबईचे बडे व्यापारी तिच्यावर गबर होत. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मिळविलेल्या संपत्तीत या व्यापाराचा वाटा मोठा होता, आणि त्याच संपत्तीतून रुग्णालय व कलाशाळा उभ्या राहिल्या. त्यांच्या दातृत्वाला आम्ही कमी लेखीत नाही. विषाचा पैसा समाजात किती सभ्यपणे वावरू शकतो, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे. मालिकेतला दैत्य पाहून पाहून ज्याचे डोळे सरावले, त्याला शेजारचा सभ्य गृहस्थ दिसेनासा होतो, हे या करमणुकीच्या खर्चाच्या बाजूचे पहिले कलम होय.

यावर आमचे काही मित्र म्हणतील, "महाराज, कायदा पांगळा आहे, म्हणून लोकांना सूड रुचतो." हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. नागपूरच्या कस्तुरबानगरात अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षे स्त्रियांवर अत्याचार केले, आणि तक्रारींना दाद मिळाली नाही. अखेर १३ ऑगस्ट २००४ रोजी तेथील स्त्रियांच्या जमावाने त्याला न्यायालयाच्या आवारातच ठार केले. या खटल्यातील आरोपी २०१४ साली पुराव्याअभावी सुटले. ज्यांनी ते भोगले त्या बायकांना न्यायनीतीचे पाठ देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्यांचे ते कृत्य म्हणजे निराशेचा शेवट होता. ती करमणूक नव्हती. ज्याच्या दारावर कोणी लाथ मारलेली नाही, ज्याची तक्रार पोलीस ठाण्यात आजही ऐकून घेतली जाते, त्याने गादीवर रेलून दुसऱ्याच्या निराशेचा आस्वाद घ्यावा आणि त्याला न्याय म्हणावे, हे आम्हांस असभ्य वाटते. २०२२ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या उमेश कुलकर्णी यांच्या माहितीपट-मालिकेत याच प्रकरणातील माणसे बोलताना दिसतात. ती पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. मान खाली जाते. तिचे श्रेष्ठत्व आम्ही यातच मानतो.

तपासाचा जो सावकाश मार्ग मालिकाकारांना कंटाळवाणा वाटतो, त्याचेही उदाहरण आमच्या दाराशी आहे. जालन्याहून परभणीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की परतूर व सेलू मागे टाकून मानवत रोड येते. यांपैकी परतूर तर १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत परभणीचेच होते. त्या मानवतात १९७२ ते १९७४ या काळात, प्रामुख्याने लहान मुली व स्त्रिया यांचे, एकामागून एक खून पडले. गुप्तधनाच्या लोभाने नरबळी दिले गेले, असा आरोप झाला. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाठविण्यात आले. त्यांनी माणसे बोलती केली, जबान्या ताडून पाहिल्या, पुरावा जोडला. त्यांच्या आठवणींवर आधारलेली, आशिष बेंडे दिग्दर्शित 'मानवत मर्डर्स' ही मालिका २०२४ साली आली. तीत कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७७ सालचा. लोकांनी ज्या दोघांना मनातल्या मनात केव्हाच फासावर चढविले होते, ते अखेर सुटले. इतर काहींच्या शिक्षा कायम राहिल्या. हा निकाल कित्येकांना कडू लागला. परंतु जमावाचा संताप पुराव्याच्या जागी बसविता येत नाही, एवढे न्यायालयाने सांगितले. आणि जो समाज हे ऐकून घेऊ शकत नाही त्याच्या हाती दोर देणे धोक्याचे असते.

तेव्हा या व्यापाऱ्यांना खरी भीती कशाची वाटते? बंदुकीची खचित नव्हे; बंदूक तर त्यांच्याच धंद्याचे हत्यार आहे. त्यांना भीती वाटते ती नीट केलेल्या पंचनाम्याची, मोहोर न तुटलेल्या नमुन्याची, आणि उलटतपासणीत न डगमगणाऱ्या साक्षीदाराची. मेफेड्रोन २०१५ सालापासून १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले आहे. ते अवघे पन्नास ग्रॅम सापडले तरी व्यापारी प्रमाण ठरते आणि दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. शिक्षा इतकी कडक म्हणूनच झडतीचे नियमही कडक आहेत, आणि त्यांत चूक झाली की आरोपी सुटतो. झडतीच्या वेळी पंच कोण असावेत? कायदा म्हणतो, त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी. वाचकहो, यातील 'प्रतिष्ठित' हा शब्द आपणांस उद्देशून आहे.

हे आम्ही केवळ दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका बंद गाळ्याची झडती घेण्यास पोलीस आले. झोपेच्या ज्या गोळ्यांना आमच्याकडची पोरे 'बटन' म्हणतात, त्यांचा तेथे साठा होता. पंच म्हणून चला, अशी आम्हांस विनंती झाली. आम्ही प्रकृतीचे कारण सांगितले. शेजारच्या अध्यापकांना पेपर तपासावयाचे होते, समोरच्या व्यापाऱ्यांना गावाला जावयाचे होते. शेवटी रस्त्यावरून दोन हमाल धरून आणले. पुढे खटला उभा राहिला तेव्हा त्या दोघांचा पत्ता लागला नाही, आणि गाळा पुन्हा उघडला. झडतीच्या त्या रात्री आम्ही काय करीत होतो, ते सांगावयास लाज वाटते. आम्ही एका सूडमालिकेचे दोन भाग पाहिले, आणि दुष्ट मारला गेल्यावर समाधानाने झोपी गेलो.

हा आमच्या जमाखर्चाचा शेवटचा आकडा आहे. पडद्यावरचा सूड आम्हांला कृतीची खोटी तृप्ती देतो. राग आला, राग निवला, आणि दाराबाहेर एक पाऊलही टाकावे लागले नाही! तीच गोष्ट घरातल्या व्यसनी मुलाची. अल्प प्रमाणात अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा वा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनाधीन माणसाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत जाऊन उपचार पुरे केले, तर त्याच्यावरचा खटला चालू नये अशी सवलत कायद्यातच आहे. पण अब्रूच्या भयाने आम्ही मुलाला माडीवर कोंडतो आणि खाली बसून दुसऱ्याच्या मुलाचा सूड पाहतो. त्या मुलाला विष कोठून मिळाले, हे ज्या एका तोंडून कळले असते, ते तोंडही अशा रीतीने आम्हीच बंद करतो.

मालिका बंद करा, असे आम्ही सांगत नाही. बंदीने कोणाची रुची सुधारल्याचे आम्हांस ठाऊक नाही. आमचे मागणे फार लहान आहे. पुढच्या वेळी गल्लीत झडती येईल आणि कोणी दार ठोठावील, तेव्हा पडद्यावरचा नायक कितीही अटीतटीच्या प्रसंगात असला तरी त्याला तसाच सोडून उठावे, पायांत वहाणा सरकवाव्या, आणि खाली जाऊन पंचनाम्यावर आपली सही करावी. आणि न्यायालयाचे बोलावणे येईल त्या दिवशी गावाला जाऊ नये.