आयाराम-गयाराम कोणाला म्हणावे?

‘आयाराम-गयाराम’ हा शब्द आपण कट्ट्यावर सहज वापरतो. क्रिकेट सोडून नाटकाच्या तालमीला जाणारा मित्र आयाराम-गयाराम, रोज बाक बदलणाराही तोच! पण या शब्दाचा जन्म कट्ट्यावर झालेला नाही.

१९६७ साली हरियाणात गयालाल नावाचे आमदार अपक्ष म्हणून निवडून आले आणि एका पंधरवड्यात त्यांनी तीनदा पक्ष बदलला. तेव्हा राव बिरेंद्र सिंह यांनी पत्रकारांसमोर ‘गयाराम’ आता ‘आयाराम’ झाल्याचे जाहीर केले, आणि शब्द देशभर पसरला. पुढे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्ष सोडणाऱ्याचे सदस्यत्व रद्द करण्याची तरतूद झाली. एक तृतीयांश सदस्य फुटले तर मात्र चालत असे. ती पळवाट २००३ साली बंद झाली. दोन तृतीयांशांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाला आजही मुभा आहे. म्हणजे एकटा गेला तर गयाराम, जथा घेऊन गेला तर कायदेशीर!

हे सारे मी पुस्तकात वाचले. अर्थ मात्र घरी कळला. माझे वडील ऊसतोड कामगार. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुकादम बदलला. आधीच्याची उचल पै न पै फेडून बदलला; कारण तो हिशेबाची वही कधी दाखवतच नसे. तरी पारावर एक जण हसून म्हणाला, “आले बघा आयाराम-गयाराम!” वडील काही बोलले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी मला विचारले, “तू कॉलेजात जातूस, ह्याचा अर्थ काय रं?” मी गयालालची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पण मी काय कुणाची मतं घेऊन गेलतो?”

मला वाटते, शब्दाचा खरा अर्थ याच प्रश्नात आहे. बदलणे हा काही दोष नव्हे. पोटासाठी माणूस मालक बदलतो, पटले नाही म्हणून मत बदलतो. मी स्वतः अकरावीचे विज्ञान सोडून कला शाखेत आलो. यात कोणाची फसवणूक झाली? दुसऱ्यांनी विश्वासाने हाती दिलेले घेऊन जो पलीकडे जातो, त्याच्यासाठी हा शब्द आहे. गंमत अशी, की त्याला आपण ‘साहेब’ म्हणतो आणि शब्द गरिबाला चिकटवतो.

म्हणून मित्रहो, यापुढे कोणाला आयाराम-गयाराम म्हणण्यापूर्वी एवढेच विचारू या: हा जाताना कोणाचे काय घेऊन गेला?