रसिक की नुसती गर्दी?

२२ सप्टेंबर २०२४ चा रविवार. दुपारी बाराच्या ठोक्याला ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील मैफलींची तिकीटविक्री सुरू झाली. काही मिनिटांतच हजारो घरांतील संगणकाच्या पडद्यांवर एकच चित्र उमटले. रांगेत आपल्या पुढे लाखो माणसे उभी आहेत! एक कोटीहून अधिक लोकांनी तिकिटासाठी प्रयत्न केल्याचे विक्रेत्या कंपनीने नंतर सांगितले. अडीच हजारांपासून पस्तीस हजार रुपयांपर्यंतची तिकिटे बघता बघता संपली आणि लगोलग इतर संकेतस्थळांवर कित्येक पटींनी महाग होऊन अवतरली. प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेले.

जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर मैफली झाल्या. आत गेलेले रसिक भारावून बाहेर पडले. हजारो मनगटांवर एकाच वेळी रंग बदलणारे दिवे आणि सारे स्टेडियम एका सुरात गाते आहे, हा अनुभव शब्दांत मावणारा नाही, असे त्यांचे म्हणणे. तिकीट न मिळालेल्यांचा संताप मात्र तसाच राहिला. एकाच कार्यक्रमाविषयीची ही दोन मते परस्परविरोधी वाटली, तरी प्रत्यक्षात ती एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. रॉक मैफलीविषयी रसिकाचे मत आता केवळ संगीतापुरते उरलेले नाही. तिकिटाच्या रांगेपासून घरी परतण्याच्या शेवटच्या गाडीपर्यंत सारे काही त्या मतात येते. आणि नेमके हे मत ऐकून घेण्याची व्यवस्था आपल्याकडे कोठेही नाही.

रंगभवन ते रेसकोर्स

मुंबईला रॉक नवे नाही. १९७२ मध्ये ‘लेड झेपेलिन’चे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ नावाच्या एका लहानशा क्लबमध्ये वाजवून गेले, ही आठवण जुने चाहते आजही अभिमानाने सांगतात. पुढे धोबीतलावचे रंगभवन हे शहरातील रॉकप्रेमींचे हक्काचे ठिकाण झाले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाने महाविद्यालयीन तरुणांच्या दोन पिढ्या घडवल्या. ‘रॉक मशीन’ म्हणजेच नंतरचे ‘इंडस क्रीड’ आणि ‘पेंटाग्राम’ यांसारख्या भारतीय बँडना श्रोता मिळाला तो अशाच मंचांवर. तिकीट परवडणारे होते, मंच जवळ होता आणि आवडले नाही तर तसे तोंडावर सांगण्याची सोय होती!

या शतकाच्या सुरुवातीला शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील संगीत थांबले. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, २००७ मध्ये रॉजर वॉटर्स आणि २००८ मध्ये ‘आयर्न मेडन’ वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले. २०१९ च्या डिसेंबरात ‘यू टू’, २०२५ च्या मार्चमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘ग्रीन डे’ आणि मे महिन्यात तेथेच ‘गन्स अँड रोझेस’. परदेशी बँडचे मोठे दौरे भारताला वळसा घालून जातात, ही रॉकप्रेमींची जुनी तक्रार बऱ्याच अंशी दूर झाली, हे मान्यच करायला हवे. परंतु या प्रवासात मैफल सभागृहातून मैदानात गेली आणि श्रोत्याचे रूपांतर हळूहळू गर्दीत झाले.

तबकडी की मैफल?

प्रत्यक्ष कार्यक्रमाकडून रसिकाला नेमके काय हवे असते, यावर चाहत्यांत पूर्वीपासून दोन तट आहेत. तबकडीवर ऐकले तेच आणि तसेच मंचावरून यावे, असे एकाचे म्हणणे. तसेच ऐकायचे तर घरी बसून काय बिघडले होते, असा दुसऱ्याचा सवाल. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ हा बँड दुसऱ्या तटाचा आदर्श. त्यांचा एक कार्यक्रम कधी दुसऱ्यासारखा होत नसे. चाहत्यांनी कार्यक्रम ध्वनिमुद्रित करावेत यासाठी या बँडने १९८४ पासून प्रेक्षागारात स्वतंत्र जागाच राखून ठेवली. त्या ध्वनिफितींची आपसांत देवाणघेवाण करत देशभर एक मोठा श्रोतृवर्ग उभा राहिला. याच्या उलट रॉजर वॉटर्स. २००७ मध्ये मुंबईत त्यांनी ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा संपूर्ण अल्बम क्रमाने सादर केला. तेथे प्रत्येक सूर, प्रत्येक प्रकाशझोत आधी ठरलेला, आणि चाहत्यांना तोच काटेकोरपणा प्रिय.

रसिकांचा कौल नेहमी बरोबरच असतो असेही नाही. बॉब डिलन यांनी १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेवरची गिटार हाती घेतली, तेव्हा श्रोत्यांतील काहींनी हुर्यो केली. पुढच्या वर्षी मँचेस्टरमध्ये एका श्रोत्याने त्यांना ख्रिस्ताशी दगा करणाऱ्या जुडासची उपमा भर कार्यक्रमात दिली. त्याच कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आज रॉकच्या इतिहासातील मोलाचा ठेवा मानले जाते. परंतु त्या दिवशी श्रोत्याला बोलता आले आणि कलावंताला मंचावरूनच उत्तर द्यावे लागले, हे महत्त्वाचे. चुकीचे का होईना, ते मत मैफलीचा भाग होते.

मराठी रसिकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. संगीत नाटकाच्या काळात पदाला ‘वन्स मोअर’ मिळणे हा श्रोत्याने दिलेला कौलच होता. तो मिळाला की पद पुन्हा होई, प्रयोग मध्यरात्र उलटून चाले. आजच्या स्टेडियममधील रॉक मैफलीत मात्र प्रकाश, पडद्यावरील चित्रे आणि आतषबाजी संगणकाने गाण्याच्या मात्रेमात्रेशी बांधलेली असते. शेवटी निरोप घेऊन गेलेला बँड टाळ्यांच्या गजरात परत येतो, तो परतीचा प्रवेशही गाण्यांच्या यादीत बहुधा आधीच लिहिलेला असतो. श्रोत्याची मागणी उरते ती औपचारिकतेपुरती. मैफल जितकी भव्य, तितका तिच्यावरचा श्रोत्याचा प्रभाव कमी, असे हे व्यस्त प्रमाण आहे.

याचा दुसरा परिणाम म्हणजे उंचावलेले मोबाइल. समोर गायक असताना त्याला हातातल्या पडद्यावर पाहणाऱ्यांविषयी चाहतेच सर्वाधिक चिडतात. डिलन यांनी अलीकडच्या दौऱ्यांत श्रोत्यांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत ठेवायला लावले. असा निर्बंध काहींना जाचक वाटतो, तर अनेकांना हायसे वाटते. मात्र मंचापासून दोनशे मीटरवर उभा असलेला श्रोता तसाही मोठ्या पडद्यावरच कार्यक्रम पाहत असतो. त्याने आपला छोटा पडदा वर धरला, तर सारा दोष त्याच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

तिकिटाचे गणित

तिकीटव्यवहारावरील असंतोष केवळ भारतात आहे असे नव्हे. अमेरिकेतील ‘पर्ल जॅम’ या बँडने १९९४ मध्येच ‘तिकीटमास्टर’ या बलाढ्य कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध तेथील न्याय विभागाकडे तक्रार केली होती. पुढच्या वर्षी ती चौकशी कारवाईविनाच संपली. त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी, मे २०२४ मध्ये, त्याच न्याय विभागाने त्या कंपनीविरुद्ध आणि तिच्या मूळ कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा दावा दाखल केला. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ओअॅसिस’च्या पुनर्मीलन दौऱ्याची विक्री सुरू झाली, तेव्हा सुमारे दीडशे पौंडांचे तिकीट रांगेत ताटकळलेल्या चाहत्यांना साडेतीनशे पौंडांच्या पुढे गेलेले दिसले. तेथे गदारोळ झाला, स्पर्धा नियामकाने चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने मूळ किमतीपेक्षा जास्त दराने तिकिटाची पुनर्विक्री करण्यावर बंदी आणण्याची घोषणा केली.

कलावंताने ठरवले तर काय होऊ शकते, याचेही उदाहरण आहे. ‘द क्युअर’चे गायक रॉबर्ट स्मिथ यांनी २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात तिकिटांचे दर मुद्दाम कमी ठेवले आणि मागणीनुसार दर चढवण्यास नकार दिला. विक्रेत्या कंपनीचे शुल्कच काही ठिकाणी तिकिटाहून जास्त झाल्याचे दिसताच त्यांनी जाहीर आवाज उठवला. परिणामी कंपनीला शुल्काचा काही भाग ग्राहकांना परत करावा लागला. रक्कम तिकिटामागे पाच-दहा डॉलरचीच होती, पण चाहत्याच्या तक्रारीला कोणी वाली आहे, हे त्यातून दिसले.

आपल्याकडे असा वाली शोधावा लागतो. तिकिटांच्या काळ्या बाजाराला आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आखावीत, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये, कोल्डप्लेच्या पहिल्या मैफलीच्या काही दिवस आधी, न्यायालयाने ती फेटाळली. कायदा करणे हे विधिमंडळाचे व सरकारचे काम, ही न्यायालयाची भूमिका तर्कसंगतच होती. पण म्हणजे चेंडू पुन्हा सरकारच्याच अंगणात आला.

जिवाशी गाठ

तिकिटापेक्षाही गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमापूर्वी दारांशी झालेल्या चेंगराचेंगरीत ११ तरुण दगावले. आसने राखीव नव्हती आणि उघडलेली दारे अपुरी होती. त्या शहराने राखीव आसनांविना कार्यक्रम करण्यास बंदी घातली आणि ती २००४ पर्यंत टिकली. २००० मध्ये डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात ‘पर्ल जॅम’ वाजवत असताना नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर मंचासमोरची जागा कठड्यांनी विभागून तेथे मोजकीच माणसे सोडण्याची पद्धत आली. दुर्घटनेतून नियम जन्मला, एवढे तरी तेथे घडले.

भारतात कोची येथील विद्यापीठात नोव्हेंबर २०२३ मध्ये संगीताच्या कार्यक्रमापूर्वी झालेल्या चेंगराचेंगरीत चौघांचा जीव गेला. गुरुग्राममध्ये ऑक्टोबर २०११ मध्ये ‘मेटालिका’चा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, तेव्हा संतप्त जमावाने मंचावर चढून मोडतोड केली. बँडने दोनच दिवसांनी बंगळुरूत वाजवले, तेथील चाहते धन्य झाले. परंतु गुरुग्रामच्या मैदानातून रिकाम्या हाताने परतलेल्यांच्या अनुभवातून कोणता नियम तयार झाला? कार्यक्रमाला जाऊन आलेल्यांची मते ऐकली, तर गायकावरच्या टीकेपेक्षा पिण्याच्या पाण्याची चणचण, अपुरी स्वच्छतागृहे आणि बाहेर पडण्याच्या चिंचोळ्या वाटा यांचाच उल्लेख अधिक आढळतो. मधुमेही, गर्भवती किंवा ज्येष्ठ रसिकाने काही तास कसे काढावेत, याचा विचार पस्तीस हजारांच्या तिकिटातही गृहीत नसतो.

अर्थव्यवस्था कोणाची?

२८ जानेवारी २०२५ रोजी भुवनेश्वर येथे बोलताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कोल्डप्लेच्या मुंबई आणि अहमदाबादमधील कार्यक्रमांचा दाखला देत ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’ला भारतात मोठा वाव असल्याचे सांगितले. त्यात तथ्य आहे. एका मैफलीमुळे हॉटेले भरतात, रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात आणि शेकडो हातांना काम मिळते. मात्र या अर्थव्यवस्थेत आयोजकाला परवाना, राज्याला महसूल आणि कलावंताला मानधन मिळत असताना, ज्याच्या खिशातून हे सारे येते त्या श्रोत्याला कोणते हक्क मिळतात, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

मागण्या अवाजवी नाहीत. एकूण तिकिटांपैकी किती तिकिटे खुल्या विक्रीस आहेत आणि किती प्रायोजक वा ठरावीक बँकांच्या कार्डधारकांसाठी राखीव, हे आधी जाहीर व्हावे. नडलेल्या ग्राहकाला मूळ किमतीतच तिकीट दुसऱ्याला देता यावे. कार्यक्रम रद्द झाल्यास किती दिवसांत पैसे परत मिळतील, ते तिकिटावर छापले जावे. पाणी, स्वच्छतागृहे आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांचे गर्दीशी प्रमाण ही परवान्याची अट असावी. यातील एकाही गोष्टीसाठी परदेशातून तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही.

रंगभवनातील श्रोत्याला नावडता बँड मंचावरून हाकलता येत असे. स्टेडियममधील श्रोत्याकडे ते अस्त्र नाही, कारण त्याने पैसे आधीच भरलेले आहेत. त्याचे मत मैफल संपल्यावर मित्रांच्या गप्पांत विरून जाते आणि पुढच्या विक्रीच्या दिवशी तो पुन्हा रांगेत उभा राहतो. त्याच्या या निष्ठेवरच जगभरातील रॉक उभे आहे. तिला गृहीत धरणे आयोजकांना आज परवडत असेल, पण रंगभवनासारखी श्रोता घडवणारी ठिकाणे उरली नाहीत आणि घडलेल्या श्रोत्याला गर्दीसारखे वागवले गेले, तर उद्याच्या मैफलींना केवळ प्रेक्षक मिळतील, रसिक नव्हे.